घाडीकाकांची वहिवाट

घाडीकाका एकदा एका साखरपुड्यातून आरपार चालत गेले.

हे मी ऐकीव सांगत नाही, मी त्यांच्या मागेच होते. गोविंदनिवास नावाच्या शेजारच्या चाळीत तळमजल्याच्या बोळात मांडव घातला होता. भटजी अंगठीपर्यंत आले होते. मुलीकडची माणसं एका भिंतीला आणि मुलाकडची दुसऱ्या भिंतीला, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. दुसरा कुणी असता तर वळसा घालून गेला असता. घाडीकाकांनी चपला हातात घेतल्या, "चालू द्या, चालू द्या" म्हणत सतरंजीच्या मधोमध निघाले, वाटेत मुलीला आशीर्वाद दिला, पेढा घेतला आणि पलीकडच्या टोकाला चपला पायात सरकवत मला म्हणाले, "बघलंस? वाट मोकळी असा." माझ्या हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि तोंडात कुणीतरी कोंबलेला पेढा.

घाडीकाका, म्हणजे भिकाजी घाडी, डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहतात. वय बहात्तर. अंगाने वाळलेले, पायात रबरी चपला, खांद्याला खाकी पिशवी आणि भर दिवसाही खिशात बॅटरी. विजेचे मीटर वाचायची नोकरी त्यांनी पस्तीस वर्षं केली. जुन्या चाळींतले मीटर कुठे असतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. कुठे जिन्याखाली, कुठे मोरीच्या मागे, कुठे बंद पडलेल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर. तिथे पोचायचं तर बोळ, फटी, गच्च्या आणि प्रसंगी दुसऱ्याचं स्वयंपाकघर माहीत लागतं. गिरगावातल्या फणसवाडीपासून रे रोडच्या वखारींपर्यंत सगळी मुंबई काकांना आतून पाठ होती. नोकरी संपली, पण आतून जायची सवय काही गेली नाही. मेनरोडवर मी त्यांना बावीस वर्षांत दोनदा बघितलं, दोन्ही वेळा अंत्ययात्रेत.

माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले होते, आतली आणि मेनरोडची. "तो माणूस मेनरोडचो" असं काका म्हणाले की त्या माणसाचा निकाल लागला. आमच्या ह्यांना बँकेत बढती मिळाली तेव्हा सगळी चाळ अभिनंदन करून गेली. काका दारातूनच म्हणाले, "चांगला झाला. फक्त मेनरोडचो होव नको."

मी लग्न होऊन आले तेव्हा लालबागच्या शाळेत नुकतीच लागले होते. शाळा सकाळची. पहिल्या दिवशी मी पदर सावरत बसस्टॉपकडे निघाले तर काका जिन्यात उभे. "बाय, खंय चाललंस? आतून जाऊया. अकरा मिनटात सोडतंय." नव्या सुनेने वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? आमच्या मागच्या जिन्याने उतरून आम्ही गोविंदनिवासच्या बोळात शिरलो. तिथून पिठाच्या गिरणीच्या मागच्या दाराने आत आणि पुढच्या दाराने बाहेर. मग मारुतीच्या देवळात अर्धी प्रदक्षिणा, कारण बाहेर पडायचं दार बरोबर देवाच्या पाठीमागे होतं. उरलेली अर्धी संध्याकाळी परत येताना, असा काकांचा देवाशी जुना करार होता. मग एका इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर चढून, लाकडी साकवावरून शेजारच्या इमारतीत, तिथून खाली. करी रोडचा पूल तेवढा उघड्यावरून ओलांडावा लागे. रुळांना आतली बाजू नाही याचं काकांना मनापासून वाईट वाटत असे. बरोबर अकराव्या मिनिटाला मी शाळेच्या दारात होते, खांद्यावर पीठ, कपाळाला शेंदूर आणि गालाला कुणाच्या तरी ओल्या चादरीचा फटकारा. मुख्याध्यापिकांनी मला पाहून विचारलं, "नेहमी अशाच येणार का?"

दुसऱ्या आठवड्यात मी धीर करून काकांना विचारलं की ड्युटीवर जायच्या आधी रोज हा फेरा कशासाठी. तेव्हा प्रथम तो शब्द ऐकला. वहिवाट.

काकांचं म्हणणं असं. कोकणात ज्या वाटेने माणूस वर्षानुवर्षं चालतो, ती वाट कुणाच्याही जमिनीतून जात असो, त्याला तिथून अडवता येत नाही. हक्कच होतो तसा. मात्र चालण्यात खंड पडता कामा नये. खंड पडला की मालक गडगा घालतो, म्हणजे चिऱ्यांची भिंत रचतो, आणि वाट संपली. जे गावच्या कुळागरात, माडापोफळीच्या बागेत, तेच मुंबईत. म्हणून पाऊस असो, ताप असो, सकाळी सात-सव्वासातला काका निघत आणि परिसरातल्या एकूण एक वाटा एकदा चालून येत. "मी थांबलंय तर ही लोका उद्या भिंती घालतीत," ते सांगत. वाटा त्यांच्या एकट्याच्या पायांवर उभ्या आहेत असा त्यांचा पक्का समज होता. मला तेव्हा हसू यायचं.

त्या फेरीत एक गोष्ट रोज व्हायची. गोविंदनिवासच्या बोळात शेवटच्या खोलीपुढे एक म्हातारे गृहस्थ बाकडं टाकून पेपर वाचत बसत. बोळ इतका चिंचोळा की बाकडं असलं तर वाट बंद. आम्ही सव्वासातच्या सुमाराला वळणावर दिसलो की ते गृहस्थ उठत, पेपर काखेत घेत आणि एवढं जड लाकडी बाकडं एकट्याने ओढून आत घेत. आम्ही गेलो की बाकडं परत बाहेर. चाळीत त्यांना सगळे बाकडेवाले अण्णा म्हणत. एकदा मी थांबून "थँक्यू हं अण्णा" म्हटलं तर काका पुढून खेकसले, "थांबा नको. चलत ऱ्हव." काका स्वतः त्यांच्याकडे कधी बघतही नसत, नाकासमोर चालत. मला वाटायचं, काकांनी या गरीब माणसालाही वहिवाटीचा धाक घातलेला दिसतोय. काकांच्या आडमुठेपणाचा मला त्या दिवसांत मनापासून राग यायचा.

मग शाळा दुपारची झाली, मुलं झाली, मी बसने जाऊ लागले. म्हणजे काकांच्या हिशेबी मेनरोडची झाले.

आणि बांधकामाचे पत्रे यायला लागले.

आधी साकवाची इमारत गेली. मग पिठाची गिरणी. मारुती हलवला आणि टॉवरच्या दाराशी संगमरवरी देवळीत बसवला. आता त्याला प्रदक्षिणाच घालता येत नाही, पाठीला भिंत आहे. जिथे जिथे वाट होती तिथे तिथे निळे पत्रे उभे राहिले. काका रोज सकाळी त्या पत्र्यांपर्यंत जात, बॅटरी मारून फटीतून बघत आणि पिशवीतून चिठ्ठी काढून चिकटवत. नोकरीत असताना घराला कुलूप असलं की दाराला चिठ्ठी लावायची पद्धत होती, तीच त्यांनी इथे चालू ठेवली. "आज आलो होतो. वाट बंद. रीडिंग घेता आले नाही. भि. घाडी." त्या निळ्या पत्र्यांवर त्यांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्यांच्या रांगा लागल्या होत्या. वॉचमन संध्याकाळी त्या खरवडून काढी. लोक मोबाइलवर फोटो काढून हसत. मीही काढला होता.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली तेव्हा बिल्डरकडचा एक गोरागोमटा मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. आम्ही सगळ्यांनी विचारायचं ते विचारलं, खोली केवढी, लिफ्ट किती, पाण्याची टाकी कुठे. शेवटी काका उठले.

"मधली वाट खंय?"

"सर, वाट म्हणजे?"

"हयसून आत गेलंय, तर पलीकडे भायर कसो पडतलंय?"

मुलगा समजुतीने हसला. "सर, एकच गेट आहे. सिक्युरिटीसाठी. आणि बाहेर कशाला जायचं? गार्डन, जिम, सगळं आतच आहे."

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे तुरुंगच तो," ते म्हणाले. "व्यायामाची सोय असलेलो." सभा हसली, मुलगाही हसला, आणि पुढची स्लाइड आली. त्या दिवशी सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. हे लिहून ठेवते, नाहीतर मी फार शहाणी होते असं वाटायचं.

आमच्या चाळीची पाळी अजून यायची होती, पण आजूबाजूची माणसं एकेक करून गेली. कुणी विरार, कुणी पनवेल, कुणी कल्याणच्या पुढे. पूर्वी ज्यांच्याकडे वाटी घेऊन जाता यायचं त्यांच्याकडे आता वर्षातून एकदा, हळदीकुंकवाला, सुट्टी काढून जायचं. मग तेही राहिलं. गेल्या वर्षी गोविंदनिवास रिकामी झाली. अण्णा आपलं बाकडं टेम्पोत चढवून मुलाकडे बदलापूरला गेले. पंधरा दिवसांत तिथेही पत्रे लागले.

बाकीच्या वाटा गेल्या तेव्हा काका चिडले होते. ही गेली तेव्हा ते गप्प झाले. सकाळी सातला निघत, मागच्या जिन्याने उतरत आणि जिन्याच्या तोंडाशी पत्रा होता तिथेच उभे राहत. चिठ्ठीही लावत नसत. सव्वासात झाले की वर येत. खोलीचं दार लोटलेलं असे आणि आत स्टोव्हचा आवाज येत नसे. मी डबा नेऊन दिला तर संध्याकाळी तसाच परत.

एक दिवस ते कागद घेऊन आमच्याकडे आले. महापालिकेला अर्ज. गोविंदनिवासच्या बोळातून मी चाळीस वर्षं विनाखंड चालत आलो आहे, सबब माझी वहिवाट मोकळी करून मिळावी. कुठल्याशा कचेरीतल्या साहेबाने त्यांना वाटेला लावण्यासाठी सांगितलं होतं की चालताना रोज बघणाऱ्या साक्षीदाराची सही आणा, मग बघू. काकांनी ते खरं मानलं होतं. असल्या अर्जाने टॉवर थांबत नाही हे मला कळत होतं. पण त्यांच्याकडे बघून ते तोंडातून निघेना.

"मी करते की सही," मी म्हटलं.

"तुझी नको. तू मधीच मेनरोडान गेलंस. खंड पडलो." त्यांनी पिशवीतून एक पत्ता काढला. "रोज बघणारो एकच माणूस. तू जाऊन सही घेऊन ये."

पत्ता बदलापूरचा होता. नाव, दत्ताराम घाडी.

"काका, हे तुमचे कोण?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "अण्णा. माझो मोठो भाऊ."

चाळीत जे सगळ्यांना माहीत असतं ते नव्या माणसाला कुणीच सांगत नाही. मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आडनाव विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं, आणि दोघांची हनुवटी अगदी एक आहे हे रोज बघूनही दिसलं नव्हतं.

त्या दिवशी काका बोलले ते थोडक्यात असं. गावी दोघांची घरं शेजारी. अण्णांच्या घरातून पाणंदीवरच्या विहिरीवर जायची वाट काकांच्या परसातून. तरुणपणी एका फणसाच्या झाडावरून शब्दाला शब्द वाढला आणि काकांनी रागाच्या भरात परसात गडगा घातला. वाट बंद. आई अण्णांकडे राहायची. ती पुढची पाच वर्षं, मरेपर्यंत, डोक्यावर हंडा घेऊन टेकाडाला वळसा घालून पाणी आणत होती. "गडग्याच्या वरसून माका तिचो हंडो दिसायचो," काका म्हणाले. "नुसतो हंडो. चालताना." आई गेली तेव्हापासून भावाभावात शब्द नाही. मुंबईत शंभर पावलांवर राहून नाही.

आणि तरी हा माणूस रोज सकाळी भावाच्या दारावरून चालत जात होता, आणि तो भाऊ रोज उठून त्याला वाट करून देत होता. मी ज्याला धाक समजत होते ते हे होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"सही हवी तर तुम्ही चला," मी जरा दरडावूनच म्हटलं. वर्गातला आवाज कधीकधी घरीही उपयोगी पडतो.

रविवारी आम्ही दोघं बदलापूरला उतरलो. अण्णांच्या इमारती स्टेशनपासूनच दिसत होत्या, पिवळ्या, एकासारख्या एक. काकांचे डोळे बऱ्याच दिवसांनी चमकले. "ह्यो बघ, समोर. आतून जाऊया, धा मिनटा." पहिली गल्ली एका भिंतीपाशी संपली. दुसरी दुसऱ्या भिंतीपाशी. तिसरीच्या टोकाला नाला, पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे पुन्हा पिवळ्या इमारती. प्रत्येक वसाहतीला आपापली भिंत आणि आपापलं एकच दार, आणि सगळी दारं दूरच्या मोठ्या रस्त्यावर. शहर एवढं पसरलं होतं आणि त्यात कुठलीच वाट दुसऱ्या वाटेला भेटत नव्हती. तासाभराने एका रिक्षावाल्याने सांगितलं, "काका, आतून काही नाही. फिरूनच जावं लागतं." मी रिक्षात बसा म्हटलं तर ऐकेनात. फूटपाथ नसलेल्या त्या रुंद रस्त्याच्या कडेने, भर उन्हात, ट्रक अंगावरून जात असताना, घाडीकाका मेनरोडने चालत होते. त्यांच्या मागून चालताना मला त्या दोन अंत्ययात्रा आठवत होत्या.

गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "किधर जाना है?"

"आरपार," काका सवयीने म्हणाले.

"आरपार नहीं है, चाचा. अंदर या बाहर."

त्याने फ्लॅटला फोन लावला आणि नाव काय सांगू म्हणून विचारलं. काकांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं भावाच्या दारावरून जायला त्यांना नाव सांगावं लागलं नव्हतं. "बोलो, मीटर रीडिंग लेने आया है," ते पुटपुटले.

"मीटर तो नीचे है."

"भाई आया है, बोलो," मी मधेच म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान वळवली.

पाचव्या माळ्यावर लिफ्टचं दार उघडलं. लांबलचक, पांढरा, दोन्ही बाजूंना बंद दारं असलेला पॅसेज. मधल्या एका दारापुढे ते बाकडं होतं आणि बाकड्यावर अण्णा. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारी त्यांची सून उभी होती. काकांना बघताच अण्णांचा डावा हात जोरजोराने हलू लागला.

"बघा, आता अवेळी सुरू झालं," सून मला हळूच म्हणाली. "तीन महिने झाले झटका येऊन, बोलता येत नाही. पण रोज सव्वासातला अशी खूण करतात. उठवायचं, बाकडं आत घ्यायचं, दोन मिनिटं रिकामा पॅसेज बघत राहायचं, मग परत बाहेर. सोसायटीवाले हसतात. आम्हाला तर काही कळत नाही, डॉक्टर म्हणतात चालू द्या."

तिने अण्णांना धरून उठवलं, दाराच्या चौकटीला टेकवलं आणि बाकडं आत ओढलं. पॅसेज मोकळा झाला.

काका निघाले. नाकासमोर बघत, गोविंदनिवासमधून जात तसेच. अण्णांच्या दारावरून गेले, थांबले नाहीत, वळून बघितलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. काका पुढे गेले, शेवटच्या दारापर्यंत गेले, आणि तिथे भिंत होती. जिना नाही, दार नाही. एक जाळी लावलेली खिडकी आणि वाळूची लाल बादली. काकांनी भिंतीला हात लावला. बॅटरी काढून कोपऱ्यात मारली आणि विझवली. त्या पॅसेजमधून पलीकडे जाताच येत नव्हतं.

बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग ते वळले आणि परत आले. अण्णांच्या समोर उभे राहिले. आत गेले, बाकडं दोन्ही हातांनी ओढून बाहेर आणलं आणि पॅसेजच्या बरोबर मधोमध आडवं टाकलं. घाडीकाकांनी वाट अडवलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मग अण्णांना काखेत हात घालून त्यावर बसवलं.

"वायच सर, अण्णा."

अण्णा डाव्या हाताच्या जोरावर वीतभर सरकले. काका शेजारी बसले. अर्ज माझ्या पिशवीत होता. अण्णांचा तो मांडीवर पडलेला उजवा हात बघितल्यावर मी अर्ज बाहेर काढला नाही.

"गावचो गडगो काढून टाकतंय," काका समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणाले. "पावसाच्या आधी. तुझी वाट मोकळी करतंय."

अण्णांनी मान खाली घालून आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. तो ज्या कोनात टेकवला होता त्याच कोनात पडून होता, चपल निसटून बाजूला गेली होती. काकांनीही बघितलं. सून काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला.

काका बाकड्यावरून खाली उतरून बसले. त्यांनी तो पाय दोन्ही हातांत उचलला, रुमाल नव्हता म्हणून शर्टाच्या टोकाने त्याची धूळ पुसली आणि चपल घातली.